हिचं पाणी फेकायचं नाही

"पान उपाशी हाय गं," आत्ती म्हणाल्या.

मी टाकीवर वाकून, विरघळलेलं खत मोजायचा मीटर पाण्यात धरला होता. आकडा स्थिर व्हायला दहा-बारा सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात कुणी मध्ये बोललेलं मला खपत नसे. आत्तींना ते ठाऊक होतं, तरी बोलल्याच. पालकाचं एक जून पान त्यांनी दोन बोटांत धरलं होतं आणि त्याची कडा उजेडाकडे करून बघत होत्या. कडा पिवळी पडून करपत आली होती.

"उपाशी नाही, आत्ती. ते तसंच व्हायला पाहिजे."

"करपायला पाहिजे?"

"हो."

"बरं बाई," त्यांनी पान हळूच सोडलं. "तू शिकलेली."

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या मिरजेकडे सासूला बऱ्याच घरांत आत्तीच म्हणतात. त्यांचं माहेर मालगावचं, पानमळ्यातलं. नागवेलीची पानं खुडण्यात आणि गड्ड्या लावण्यात लहानपण गेलेलं. पान हातात आलं की त्याला पाणी कमी पडलंय की खत, हे त्या नुसत्या अंगठ्यानं सांगायच्या. आणि मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, म्हणजे घरातली सगळ्यात शहाणी. निदान तेव्हा माझी तशी पक्की समजूत होती.

ह्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. माझ्या नवऱ्याच्या, शिवानंदांच्या, दोन्ही किडन्या त्याआधी अडीच वर्षं निकामी झाल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. रेल्वेतली बुकिंग क्लार्कची नोकरी कशीबशी चालू होती. पण त्या माणसाचं खरं दुखणं ताटातलं होतं. बिघडलेल्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठत जातं आणि फार साठलं की हृदय बंद पाडतं. पालेभाजीत ते ठासून भरलेलं, आणि आमचे हे पालेभाजीवर जीव टाकणारे. त्यामुळे अडीच वर्षं मी प्रत्येक भाजी चिरून पाण्यात घालत होते, उकळत होते, पाणी फेकत होते, पुन्हा उकळत होते. उरायचा तो चोथा.

"गिरिजा, ही भाजी आहे की भाजीचं प्रेत?" असं ते एकदा म्हणाले होते. हसून म्हणाले, पण ताट अर्धं ठेवून उठले.

मग मी गच्चीवर तो कारखाना मांडला. परदेशात कुठेकुठे किडनीच्या रुग्णांसाठी कमी पोटॅशची, म्हणजे कमी पोटॅशियमची, भाजी पिकवतात, असं माझ्या वाचनात आलं होतं. मातीत ते जमत नाही, कारण मातीत काय आहे ते आपल्या हातात नसतं. पाण्यात जमतं. प्लास्टिकचे पांढरे पाइप आडवे बांधले, त्यांना भोकं पाडली, भोकांत स्पंजाच्या तुकड्यावर रोपं बसवली आणि कूलरच्या छोट्या मोटरीनं त्यातून पाणी खेळवलं. नळाचं पाणी जड, म्हणून फिल्टरचं पाणी घागरींनी वर न्यायचं. टाक्या दोन. पहिली बारक्या रोपांची, तिच्यात झाडाला लागणारी सगळी खतं. रोपं महिन्याची झाली की ती दुसऱ्या टाकीवर न्यायची. तिच्यात बाकी सगळं, फक्त पोटॅश नाही. दोन आठवडे झाड अंगात साठलेल्या पोटॅशवर दिवस काढतं, जुनी पानं कडेनं करपतात, आणि तेवढ्यात भाजी काढायची.

चार वेळा फसलं. पाचव्या वेळी कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडून पानं तपासून घेतली. पोटॅश बाजारच्या पालकाच्या जेमतेम पाव होतं. डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला आणि म्हणाले, "वाटीभर द्या. आठवड्यातून दोनदा. पण दुसरं काही नाही हं."

त्या दिवशी मी आत्तींना सांगितलं, "ही आपली भाजी. हिचं पाणी फेकायचं नाही."

आत्तींनी ताकातली पातळ भाजी केली, वरून लसणाची फोडणी दिली. शिवानंदांनी पहिला घास घेतला, मग लगेच दुसरा. शेवटी भाकरीचा तुकडा वाटीत फिरवून वाटी पार कोरडी केली. आत्ती ओट्याकडे तोंड करून उगाच भांडी हलवत होत्या. मला इतका आनंद झाला होता की मी जेवलेच नाही.

त्यानंतर मी त्या भाजीबद्दल कुणाकुणाला सांगितलं नाही! स्टाफरूममध्ये सांगितलं. डायलिसिस सेंटरमधल्या नर्सला सांगितलं. शिवानंदांच्या शेजारच्या खाटेवर रशीदभाई सतारमेकर असत, सतारीचे भोपळे घासून ज्यांच्या बोटांना घट्टे पडले होते, त्यांना तर कागदावर आकृती काढून दाखवली. फक्त आत्तींना नीट सांगायचं राहिलं. म्हणजे सुरुवातीला एकदा सांगायला गेले होते. त्या म्हणाल्या, "झाडाला उपाशी ठेवायचं आन् त्याची भाजी लेकराला घालायची? अशानं अंगाला काय लागंल?" मी हसले. ह्यांना कुठे समजावत बसा, असं मनात म्हटलं आणि हुकूम सोडला, "ते राहू द्या. तुम्ही फक्त ह्या टाकीला हात लावायचा नाही. त्यात पोटॅश गेलं तर घोटाळा होईल."

पोटॅश म्हणजे आत्तींच्या लेखी खताच्या दुकानातली लाल पावडर. ती त्यांनी कधीच घातली नसती.

मार्चमध्ये मला बोर्डाच्या पेपरतपासणीसाठी आठवडाभर कोल्हापूरला जावं लागलं. रविवारी संध्याकाळी निघताना मी दोन्ही टाक्या भरल्या, आत्तींना पुन्हा तोच हुकूम दिला आणि शिवानंदांना म्हटलं, "मोटर बंद पडली तर तेवढं फोन करा."

"झाडांची चौकशी झाली. आता माझी कर," ते म्हणाले.

"तुमचीच तर चाललीय."

बुधवारी त्यांचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"आईनं काल भाजी केली होती, आज पुन्हा केलीय. चालेल ना गं? डॉक्टर दोनदा म्हणालेत. म्हणजे शुक्रवारची गेली."

"आपल्या भाजीला काय होतंय? शुक्रवारीही खा," मी म्हटलं. शेजारी बसलेल्या दोन प्राध्यापकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं. मला त्यांनी विचारावं असं वाटत होतं, की कुठली भाजी.

शुक्रवारी सेंटरमधलं पाणी शुद्ध करायचं मशीन बंद पडलं. सगळ्यांना शनिवार सांगितला, शनिवारी सकाळी रविवार सांगितला. मी शनिवारी दुपारी घरी पोचले तेव्हा हे जेवायलाच बसत होते. तोंडावर थोडी सूज होती. पाय जड झालेत म्हणाले, पण डायलिसिस लांबलं की ते व्हायचंच.

"पाणी कमी प्यायलात ना?"

"घोटघोट. विचार आईला."

ओट्यावरच्या रोवळीत उरलेला पालक होता. काळपट हिरवा, रुंद, टवटवीत. एकाही पानाची कड करपलेली नव्हती. आत्तींनी खराब कडा खुडून टाकल्या असतील, असं मला वाटलं. वीस वर्षं मुलांना निरीक्षण कसं करावं ते शिकवत होते मी. वर जाऊन मीटर बघायचा होता, पण बसच्या प्रवासानं अंग आंबलं होतं. उद्या बघू म्हटलं.

शिवानंदांनी वाटी पुसून ठेवली. मी विचारलं, "अजून घ्यायची?"

"नको. आज डायलिसिस नाही झालेलं."

"घ्या हो. आपलीच आहे," म्हणून मी अर्धी वाटी आणखी वाढली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ती खाल्ली.

रविवारी सकाळी सातला रिक्षा दारात आली. मी फाइल घेऊन पुढे उतरले. ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, "गिरिजा, पाय उचलत नाही." मी वळून वर जाईपर्यंत ते खाली बसले होते, आणि मी त्यांच्यापाशी पोचले तेव्हा भिंतीला टेकून आडवे झाले होते. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हॉस्पिटलात चाळीस मिनिटं खटपट चालली.

डॉक्टर बाहेर आले. माझ्यापेक्षा वयानं लहान होते. म्हणाले, "पोटॅशियम फार वर गेलं होतं. दोन दिवसांत काही वेगळं खाल्लं होतं का? शहाळं, केळं, काही?"

"काही नाही," मी म्हटलं. "नेहमीचंच."

सहाव्या दिवशी रशीदभाईंच्या पत्नी, शमशादभाभी, भेटायला आल्या. आधी नवऱ्याला घेऊन आल्या होत्या, ह्या वेळी एकट्याच. आत्तींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. मी आत चहा करत होते. आत्ती रडत नव्हत्या. त्या सहा दिवसांत त्या प्रत्येकाला एक गोष्ट सांगत होत्या, पण मी कधी पुरी ऐकली नव्हती. लोक आले की मी आतच जायची. त्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं आणि आवाज स्पष्ट येत होता.

"शेवटाला माझ्या हातचं पोटभर जेवला बघ. मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. एवढा एक दिलासा हाय मला. नाहीतर निस्ता चोथा खाऊन गेला असता माझा लेक."

"अल्लानं तेवढं केलं, अम्मा."

"झाडं कशी झाली होती माहीत हाय? ही कोल्हापूरला गेली, सोमवारी मी वर गेले, तर पानांच्या कडा पार वाळलेल्या. बारक्या रोपांना ताकदीचं पाणी आन् मोठ्या झाडांना पांचट! असं कुठं असतंय का? मोठ्याला भूक जास्त. हिला वेळ झाला नसंल, कामाची बाई. मग मी बारक्यांच्या टाकीतलं चार घागरी पाणी काढलं आन् मोठ्यांच्या टाकीत ओतलं. रोज एक ओतली. बाहेरचं काय सुदीक घातलं न्हाई. दोन दिवसात अशी तरारली म्हणतीस! उपाशी जीव. अधाशासारखं प्याली."

गॅसवर चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि मागच्या जिन्यानं गच्चीवर गेले.

कोल्हापूरहून आल्यापासून मी वर फिरकले नव्हते. मोटर चालू होती, पाणी वाहत होतं. बुडातली चार पानं करपलेल्या कडांची होती, आणि त्यांच्यावर सगळा नवा, दाट, गर्द पाला आला होता. मीटर कोनाड्यात होता तो घेतला. दुसऱ्या टाकीचा आकडा मी कधी नऊशेच्या पुढे जाऊ देत नसे. मी दहा-बारा सेकंद थांबले. सतराशे चाळीस. मीटर झटकून पुन्हा बुडवला. सतराशे चाळीस.

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, खाली जावं आणि ह्या म्हातारीला धरून गदगदा हलवावं. तुला सांगितलं होतं, हात लावू नको म्हणून सांगितलं होतं! आणि लगेच आठवलं, की सांगितलं तेवढंच होतं. एवढ्या शहाण्या बाईनं साऱ्या गावाला कारण सांगितलं, आणि घरात चोवीस तास त्या झाडांजवळ जी होती तिला फक्त हुकूम दिला. आणि ती शेवटची अर्धी वाटी आत्तींनी वाढली नव्हती. ते नको म्हणाले होते.

जिन्यात पावलं वाजली. आत्ती एकेक पायरी चढत वर आल्या, मागून शमशादभाभी. आत्तींच्या हातात कात्री आणि कापडी पिशवी होती.

"बरं झालं तू हितंच हाईस," आत्ती म्हणाल्या. "खाणारा गेला. आता एवढी भाजी वाळवून काय करायची? रशीदभाईला पाठवू या. त्याला पण दोन वर्षं पाला न्हाई मिळालेला. शिवाच त्याला सांगायचा म्हणं, तुला एकदा खिलवतो."

"रोज बोलायचे दोघं," शमशादभाभी पदर सावरत म्हणाल्या. "मी नाही म्हणत होते, भाभी. अम्माच म्हणाल्या. थोडी द्या, जास्त नको. आज दुपारी करून घालते."

आत्ती वाकल्या आणि त्यांनी पहिलं रोप धरलं.

"थांबा आत्ती. ती भाजी रशीदभाईंना चालणार नाही."

"का चालणार न्हाई? तोच आजार."

"नाही चालणार."

आत्ती सरळ झाल्या. "माझ्या लेकाला चालली, मग त्यांना का न्हाई चालणार?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरोखरच विचारत होत्या. मी उत्तर शोधत होते. पाणी खराब झालंय म्हणावं, तर कधीपासून? औषध मारलंय म्हणावं, तर कुणी मारलं, मी तर इथे नव्हते. आत्ती अडाणी नव्हत्या. मी कुठलंही कारण दिलं असतं तरी त्या दोन प्रश्नांत शनिवारच्या ताटापाशी पोचल्या असत्या. मग त्यांच्याजवळ काहीच राहिलं नसतं. लेक तर गेलाच होता, त्याला पोटभर जेवू घातल्याचं सुखही गेलं असतं. आणि काही न बोलता भाजी जाऊ द्यावी, तर दुपारी ती रशीदभाईंच्या ताटात जाणार होती.

"मला द्यायची नाही," मी म्हटलं.

"काय?"

"मी माझ्या नवऱ्यासाठी लावली होती. दुसऱ्या कुणाला द्यायला नाही लावली."

शमशादभाभींचा चेहरा उतरला. "राहू दे अम्मा. मी जाते."

"थांब गं तू," आत्ती म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात, "गिरिजा, आजारी माणूस हाय. शिवाच्या शेजारी झोपायचा. मूठभर पाला मागतीय ती."

"एक पान देणार नाही."

आणि त्यांनी पुन्हा हात पुढे करायच्या आत मी पहिला पाइप धरून रोपं उपटायला लागले. स्पंजासकट, पांढऱ्या मुळ्यांसकट उपटली आणि पायाखाली टाकली. सगळी चौऱ्याऐंशी रोपं. मग टाकी आडवी केली. पाणी गच्चीभर पसरलं, आत्तींच्या पायांवरून गेलं. शमशादभाभी जिन्यानं उतरून गेल्याचं मला कळलं, पण मी वर बघितलं नाही. थांबले तेव्हा आत्ती कात्री घेऊन तिथेच उभ्या होत्या.

"माझ्या लेकाच्या नावानं दिली असती की गं," एवढंच म्हणाल्या.

नमुन्याला म्हणून मी एकही पान ठेवलं नाही. तपासायला पाठवता आली असती, मैत्रीण होतीच. पण अहवाल आला असता तर तो घरात कुठेतरी राहिला असता, आणि मला आत्तींच्या तोंडाकडे बघून गप्प बसणं जमलं नसतं. महिन्याभरानं डॉक्टरांना आडून विचारलं, वाटीभर पालेभाजीनं असं होऊ शकतं का. ते म्हणाले, "भर पडली असेल. पण दोन दिवस डायलिसिस लांबलं, तेवढंही पुरेसं होतं. नक्की कुणीच सांगू शकणार नाही." ते 'नक्की' मला आजवर मिळालेलं नाही.

आत्ती त्याच महिन्यात जयसिंगपूरला माझ्या नणंदेकडे, महानंदाकडे, राहायला गेल्या. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत. मी दर महिन्याला जात राहिले. नमस्कार केला की पाय मागे घ्यायच्या. चहा महानंदा द्यायची. भावकीत माझी गोष्ट झाली होती, की नवरा गेला आणि ह्या बाईनं सहाव्या दिवशी एका आजारी मुसलमानाला मूठभर भाजी दिली नाही, पायाखाली तुडवली. शमशादभाभी बाजारात दिसल्या तर रस्ता ओलांडून जायच्या. रशीदभाई त्यानंतर दीड वर्ष जगले, एवढं मला सेंटरच्या नर्सकडून कळलं.

आठ वर्षांनी महानंदाचा फोन आला, ये म्हणाली. आत्ती खाटेवर होत्या, जेवण तुटलं होतं. महानंदा बाहेर गेल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मला नावानं हाक मारली.

"गिरिजा, एक विचारू?"

"विचारा ना, आत्ती."

"त्या दिवशी का न्हाई दिलीस गं भाजी?"

आठ वर्षं मी ह्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. कधी खरं, कधी खोटं. त्यांचे हात पांघरुणावर होते, पानं खुडून खुडून वाकडी झालेली बोटं.

"माझं मन लहान होतं, आत्ती."

त्यांनी मान हलवली, जणू त्यांनाही तेच वाटत आलं होतं आणि आता खात्री पटली.

"तू आकडे मोजत बसलीस," त्या म्हणाल्या. "मी जेवू घातलं त्याला."

"हो," मी म्हटलं. "तुम्हीच घातलंत."